वरच्या फळीवरचं डोकं

आमच्या दुकानात माणसांना नावं नव्हती, डोकी होती. "त्या लंगड्याचं डोकं आण", "नाकाड्याच्या डोक्याला भोक पडलंय", "हे डोकं कुणी उलटं ठेवलं?" असं दिवसभर चालायचं. दारातून पहिल्यांदा येणारा माणूस ऐकून पांढराफटक पडायचा. डोकं म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्याची टोपी. सिनेमात कुणाला सामुराई करायचं तर आधी त्याच्या कवटीच्या मापाची ही टोपी ठोकायची, तिच्यावर रेशीम ताणायचं, रेशमात एकेक केस ओवायचा आणि मग शेंडी बांधायची. केस ओवायचं काम माझं. ठोकायचं काम माझ्या सासऱ्यांचं, इवामात्सु मास्तरांचं.

क्योटोच्या पश्चिमेला जेवढे स्टुडिओ होते तेवढ्यांत त्यांच्या हाताची सर कुणाला नव्हती. मापाची पट्टी त्यांनी कधी वापरली नाही. "पट्टी शिंप्याला लागते," म्हणायचे. नटाला समोर बसवायचं, दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावर टेकायचे, डोळे मिटायचे आणि मग ठोकायला सुरुवात. घाल, काढ, ठोक. घाल, काढ, ठोक. दोन-दोन तास. तांदळाच्या दाण्याएवढी चूक राहिली तरी दिव्यांच्या उष्णतेत दुपारपर्यंत नटाच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या टोपाखाली कुणी रडलेलं नाही, निदान त्या कारणानं तरी नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकन साहेबांनी तलवारींचे सिनेमे बंद करून टाकले. सहा वर्षं आम्ही नाचणाऱ्या बायकांचे अंबाडे बांधले आणि एका दुकानासाठी बाहुल्यांना केस लावले. म्हातारा त्या सहा वर्षांत सहा वाक्यं बोलला असेल. मग एका मे महिन्यात स्टुडिओचे व्यवस्थापक हाशिझुमे घाम पुसत दारात उभे राहिले.

"इवामात्सु मास्तर, परवानगी मिळाली! चौसष्ट सामुराई. वीस दिवसांत चौसष्ट डोकी हवीत."

"वीस दिवसांत चौसष्ट कोबीचे गड्डे होत नाहीत," मामंजी म्हणाले.

"तुमच्याकडून होतील."

"पत्रा?"

"पत्र्याचं नाव काढू नका. कोरियात लढाई पेटलीय, तांब्याला सोन्याचा भाव आलाय. तुमच्या फळ्या भरल्यात की! तीच ठोका."

"ती माणसांची आहेत."

"माणसं कुठायत?" हाशिझुमे बोलून गेले आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा होता, पण वाईट नव्हता. दुसऱ्या फळीवर त्यांच्या धाकट्या भावाचं डोकं होतं.

ती डोकी आम्ही कशी वाचवली ते आम्हालाच माहीत. युद्धात सरकारनं देवळांच्या घंटासुद्धा वितळवायला नेल्या. आमचं तांबं काय सोडणार होते? मामंजींनी परसात खड्डा खणला, सगळी डोकी पुरली आणि वर मुळ्याच्या लोणच्याचं पिंप ठेवलं. तपासायला आलेल्या शिपायाला मी लोणच्याची वाटी दिली. तो खाऊन, तोंड पुसून गेला. पुढे वर्षभर सामुराईंच्या डोक्यांना मुळ्याचा वास येत होता.

प्रत्येक डोक्याला नावाची चिठ्ठी. माणूस परत येणार नाही असं सरकारी पत्र आलं, की मी त्याची चिठ्ठी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. असा काही रिवाज नव्हता, मीच पाडला. एकतीस चिठ्ठ्या भिंतीकडे वळल्या होत्या. बत्तिसावी वळवायला मामंजींनी मला हात लावू दिला नव्हता. ती वरच्या फळीवर, एकटी, समोर बघत होती. तिच्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. केनसाकु.

केनसाकुचा धंदा मरण्याचा होता. नायक तलवार फिरवतो तेव्हा बाजूला जे धडाधड पडतात, त्यांतला तो एक. आमच्या लग्नानंतरच्या बारा वर्षांत त्याच्या तोंडी एक वाक्य आलं नाही. "आ" म्हणायचं आणि पडायचं. पण पडायचा काय! पुलाच्या कठड्यावरून, घराच्या छपरावरून, एकदा विहिरीत. संध्याकाळी ट्रामची घंटा वाजली की मी मिठाची बरणी घेऊन उंबऱ्याशी उभी राहायची. स्मशानातून आलेल्या माणसावर घरात शिरण्याआधी मीठ टाकतात, आणि हा तर स्वतःच मरून यायचा; मी त्याला तसा घरात कशी घेणार?

"आज कितीदा मेलास?" मी विचारायची.

"तीनदा. दोनदा चिखलात, एकदा भातात."

"कपडे मी धुवायचे ना? जरा कोरड्या जागी मरत जा."

"दिग्दर्शकाला सांगतो, माझी बायको रागावते म्हणून."

मग तो खांदे वाकवायचा, मी चिमूटभर मीठ टाकायची आणि तो हसत आत यायचा. आतल्या खोलीत मामंजींची हातोडी चालू असायची. मी "कितीदा" विचारलं की ती थांबायची. त्यानं आकडा सांगितला की परत सुरू व्हायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आमचा चावटपणा आवडत नाही.

बापलेकांचं बोलणं नव्हतं. केनसाकुनं सोळाव्या वर्षी हातोडी खाली ठेवून कॅमेऱ्यासमोर जायचं म्हटलं, तेव्हापासून. तीन पिढ्यांचं काम सोडून पोरगा चिखलात लोळायला निघाला, याचा राग. तरी त्याचं डोकं मामंजींनीच ठोकलं होतं. दोन तास दोघं समोरासमोर बसले, एक अक्षर न बोलता, असं मी ऐकलं होतं. त्या डोक्याला डाव्या कानामागं बोटाच्या पेराएवढा खळगा होता, कारण केनसाकुच्या कवटीलाच तिथं खळगा होता. लहानपणी देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून पडलो, असं त्यानं मला सांगितलं होतं.

लढाईवर निघाला त्या सकाळी सगळी गल्ली झेंडे घेऊन दारात उभी होती. मी रडत नव्हते, रडायची बंदीच होती. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मीठ जपून ठेव. किती वेळा मरून येऊ?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. "एकदा जरी मेलास तरी घरात घेणार नाही."

पुढे सरकारी पत्र आलं, लुझोन बेटावर मेल्याचं. मग पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. मी उघडली. आत अस्थी नव्हत्या, नावाचा कागद होता. मी तो कागद मामंजींपुढे ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि पेटीत परत ठेवला.

"हा दिवसातून तीनदा मरतो," ते म्हणाले. "संध्याकाळी जेवायला येतो."

मला वाटलं दुःखानं बोलतायत. नाही हो, खरंच मानत होते. आणि मी चाळिशीला टेकलेली बाई, मीही अर्धं मानलं. बारा वर्षं ज्याला रोज मेलेला ऐकलं आणि रोज जेवायला वाढलं, त्याच्या मरणावर एका कागदावरून विश्वास कसा बसावा? दुसऱ्या कुठल्या घरात अशी चूक झाली नसती. ट्रामची घंटा वाजली की मी अजून उठत होते.

पण माझं खूळ वर्ष-दीड वर्षात उतरलं, त्यांचं उतरेना. अंत्यविधी करू देईनात. पेटी कपाटात पडून. मी दर ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात त्या दिवसांत, हात जोडायची. "मामंजी, निदान ते डोकं पेटीत ठेवू. त्याच्या अंगाचं म्हणून जगात तेवढंच उरलंय. पेटीला काही वजन तरी येईल. मग पुरू."

"परत आला की कामावर काय बोडक्या डोक्यानं जाईल?" एवढंच उत्तर.

आता हाशिझुमेंनी चौसष्ट डोकी मागितली आणि ठोकायला सुरुवात झाली. मला तेव्हापासून एकच भीती होती, वरच्या फळीची. दोन फळ्या रिकाम्या झाल्या. मेलेल्या माणसाचं डोकं खाली काढायचं, नव्या माणसाला समोर बसवायचं आणि जुन्या माणसाचं कपाळ, जुन्या माणसाचे कान हातोडीनं पुसत जायचे. ते तांबं ओरडत नाही एवढंच. हाशिझुमे भावाच्या डोक्याच्या पाळीला स्वतः आले. त्यांनी ते हातात घेतलं, आपल्या डोक्यावर घातलं, ते भुवयांपर्यंत खाली आलं. "नेहमी म्हणायचो, याच्या डोक्यात हवा फार," म्हणाले, हसले आणि बाहेर जाऊन बराच वेळ सिगारेट ओढत उभे राहिले.

अठराव्या दिवशी त्रेसष्ट झाली.

"एकाला गवती टोपी द्या," मामंजी म्हणाले.

"मास्तर, चौसष्ट जण सरदारापुढे अंगणात बोडके बसलेत. एकालाच कसलं ऊन लागतंय?" हाशिझुमेंनी वरच्या फळीकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळताना मी त्यांना पाहिलं. "चौसष्टावा माणूस उद्या पाठवतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तो माणूस म्हणजे तामेकिची. चाळीस-एक वर्षांचा, गालफडं बसलेली, हातगाडीवर भाजकी रताळी विकायचा. सिनेमात उभं राहिलं तर दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून आलेला. मामंजींनी त्याच्या डोक्यावर तळवे टेकले, डोळे मिटले. आणि तळवे उचललेच नाहीत. तामेकिची अवघडला. मी सुई धरून बघत राहिले. शेवटी ते उठले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचं डोकं त्यांनी खाली काढलं. सुई माझ्या बोटात घुसली.

तामेकिचीच्या डोक्यावर ते बसलं. असं बसलं की मला त्याच्या पाठीकडे बघवेना.

"छान आहे," तो म्हणाला. "फक्त इथं टोचतंय, मालक. डाव्या कानामागं. आधीच्या माणसाला काही लागलं होतं का?"

"लढाईत कुठं होतात?" मामंजींनी विचारलं.

"लुझोनला."

"माझा मुलगा तिथं आहे."

'आहे' म्हणाले. तामेकिचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं दोन्ही हातांनी ते डोकं उतरवलं, चटईवर अलगद ठेवलं आणि गुडघे टेकून बसला.

"मालक, तिथं आता कुणी नाही. यायचे होते ते आम्ही येऊन चार वर्षं झाली."

"केनसाकु मेल्याचं सोंग फार हुबेहूब करतो," मामंजी म्हणाले. "जवळ उभा असलेला माणूस फसतो. धंदाच आहे त्याचा."

"करत असेल," तामेकिची म्हणाला. "आम्हीही करायचो. विमान आलं की पडून राहायचो. पण नंतर उठायला लागतं ना, मालक. उठायला पोटात भात लागतो. शेवटी शेवटी सोंग करून पडलेले उठले नाहीत. गोळी नाही, काही नाही. नुसते उठले नाहीत."

बाहेरून रिकामी ट्राम गेली. मामंजी म्हणाले, "जरा दारात बसा. रिकु, यांना चहा दे."

मी चहा दिला आणि परत आले ती त्यांच्या आणि ऐरणीच्या मधे बसले. सासऱ्यापुढे मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"ते ठोकायचं नाही. मला द्या. चार वर्षं मागतेय मी. माझ्या हातात दिलं नाही आणि आता रताळीवाल्याच्या डोक्यावर घालता? त्याची मान, त्याचे कान, सगळं पुसून जाईल. मग मी काय पुरू? तो कागद?"

"पेटीत तांबं हिरवं पडतं," ते म्हणाले.

"पडू दे हिरवं! माझा नवरा आहे तो."

"माझा मुलगा आहे." त्यांनी ते डोकं उलटं करून मांडीवर घेतलं, पाळण्यातलं मूल घ्यावं तसं, आणि अंगठा आतून त्या खळग्याच्या फुगीर जागेवर ठेवला. "हा खळगा माझा आहे."

मला कळलं नाही.

"सोळा वर्षांचा होता. म्हणाला, मी टोप बनवणार नाही, टोप घालणार. माझ्या हातात हातोडी होती. दांड्यानं मारलं. रक्त थांबेना. आईला त्यानं सांगितलं, पायऱ्यांवरून पडलो."

"मलाही तेच सांगितलं," मी म्हटलं.

"माझ्याशी तेवढं तरी भांडायला पाहिजे होतं त्यानं. भांडला नाही. त्याचं डोकं ठोकायला बसलो तेव्हा हे माप घ्यावं लागलं. घालून बघ म्हटलं. म्हणाला, 'बरोबर बसलंय, बाबा.' तेवढंच." त्यांनी अंगठा उचलला नाही. "रिकु, हे पेटीत घातलं तर माझा मार त्याच्याबरोबर पुरला जाईल. त्याला कॅमेऱ्यासमोर जायचं होतं. मी अडवलं होतं. आता मी पाठवतो."

मी बाजूला झाले. का झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या डोक्यावर माझा जितका हक्क होता तितकाच त्या खळग्यावर त्यांचा होता, असं काहीसं वाटलं.

त्यांनी लहान हातोडी घेतली, पत्रा ऐरणीवर ठेवला आणि आतल्या बाजूला फुगून आलेली ती जागा ठोकायला लागले. अगदी हळू. दर ठोक्यानंतर थांबायचे, तळव्यानं बघायचे. इतक्या जपून त्यांनी कुठल्या नायकाचं डोकं ठोकलं नव्हतं. खळगा भरत आला, उथळ झाला आणि मग तिथं काही राहिलं नाही. सपाट, चकचकीत तांबं. त्यांनी चिठ्ठी सोडवली आणि फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग हाक मारली, "या हो, आता टोचणार नाही."

त्या टोपाचे केस मीच ओवले. शेंडी बांधली, गाठ सैल सोडली नाही.

सिनेमा सप्टेंबरात लागला. मामंजींनी दुपारी हातोडी ठेवली आणि म्हणाले, "चल." मी चाट पडले. म्हाताऱ्यानं जन्मात थिएटरचा उंबरा ओलांडला नव्हता, अशी माझी समजूत. शिनक्योगोकु या थिएटरांच्या पेठेतल्या गर्दीत मी रस्ता दाखवायला पुढे झाले तर तेच मला ओलांडून गेले आणि सवयीनं मागच्या रांगेतल्या टोकाच्या दोन खुर्च्यांपाशी जाऊन थांबले.

नायक कोण, भांडण कशाचं, मला काही आठवत नाही. अंगणातलं दृश्य आलं. चौसष्ट सामुराई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले होते. डावीकडून चौथा. मी ओळखलं. मान तामेकिचीची होती, खांदे त्याचे होते, पण मानेच्या वर, शेंडीच्या खाली, ते मागचं वळण मी बारा वर्षं उशीवर पाहिलेलं. मी मामंजींची बाही धरली. त्यांनी धरू दिली.

मग पावसातली लढाई. तो पळत आला, नायकाची तलवार फिरली, तो पडला. कॅमेरा पुढे गेला, लढाई पुढे गेली, लोक ओरडत होते. पडद्याच्या कोपऱ्यात तो पडून होता. मी श्वास धरून बघत होते. उठला नाही. माझ्या नवऱ्याला मी कधी मरताना पाहिलं नव्हतं. मी फक्त त्याला परत येताना पाहिलं होतं. मी किमोनोच्या बाहीचा बोळा तोंडात धरला आणि रडले, झेंड्यांच्या त्या सकाळपासूनचं सगळं.

"चुकला," मामंजी शेजारून हळूच म्हणाले. "उजव्या खांद्यावर पडला. केनसाकु डाव्यावर पडायचा."

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कसं माहीत?"

"सगळे पाहिलेत. इथंच बसून." पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. "पुलावरचा. बर्फातला. विहिरीतला चार वेळा पाहिला. पोरगं परत वर येतं की नाही, कळायचं नाही. घरी गेलो की तू विचारायचीस, तेव्हा जिवात जीव यायचा."

ट्रामनं परत आलो. गल्लीत शिरलो तेव्हा अजून उजेड होता, शेजारीण माशाचा धूर अंगावर घेत चुलीला वारा घालत होती. मी दार सरकवलं, आत पाऊल टाकलं आणि मागे वळून पाहिलं. मामंजी उंबऱ्याबाहेरच थांबले होते. खांदे वाकवून. केनसाकु वाकवायचा तसे.

मला क्षणभर कळेना. मग मी आत जाऊन बरणी घेऊन आले. मिठाचा खडा झाला होता, बोटानं उकरावा लागला.

"आज कितीदा मेला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकदाच, मामंजी," मी म्हटलं, आणि त्यांच्या खांद्यांवर मीठ टाकलं.